तान्ह्या बाळाची हातांची बडबड

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. दवाखान्याची सकाळची वेळ संपत आली होती. शेवटच्या नंबरावर साठीच्या एक आजीबाई आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आत आल्या. मागोमाग मुलगा आणि सून. खुर्चीवर टेकण्याआधीच आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, याला झटके येतात का ते जरा बघा. सारखा हात हलवतो. मूठ उघडतो, मिटतो, मनगट फिरवतो. शेजारीण म्हणते, आकडीचं लक्षण आहे, वेळीच दाखवा."

या वयाच्या बाळाबाबत 'झटके' हा शब्द कानावर पडला की कोणताही बालरोगतज्ज्ञ सावध होतो. पहिल्या वर्षात 'इन्फंटाइल स्पाझम' नावाची एक वाईट आकडी दिसते. त्यात बाळ एकदम मान पुढे टाकते किंवा कमरेत वाकते, दोन्ही हात झटक्यासरशी पसरतात, क्षण-दोन क्षणांत अंग सैल पडते आणि थोड्या सेकंदांनी पुन्हा तसेच होते. असे झटके एकामागोमाग एक, बहुधा झोपेतून उठल्यावर येतात. हळूहळू बाळाचे हसणे, नजरेला नजर देणे कमी होते. उपचाराला उशीर झाला तर मेंदूचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून आजींचे म्हणणे मी उडवून लावले नाही. बाळाला आईच्या मांडीवर बसवायला सांगितले आणि शांतपणे बघत बसलो.

बाळ गुटगुटीत, नजर चपळ. खुळखुळा हातात दिला तेव्हा कोणतेही बाळ नाचवते तसा त्याने तो नाचवला. खुळखुळा काढून घेतल्यावर त्याने समोर बसलेल्या वडिलांकडे पाहिले, उजवा हात छातीसमोर आणला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. घाई नाही, धक्का नाही, एका ठेक्यात. मग हात थांबवून ते वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. वडिलांनी हातांनी काहीतरी केले. बाळ खळाळून हसले आणि पुन्हा त्याचा हात सुरू झाला.

एव्हाना माझ्या लक्षात आले होते की आत आल्यापासून मुलगा आणि सून एक अक्षरही बोललेले नाहीत. आजींनी सांगितले, दोघेही जन्मापासून कर्णबधिर. कर्णबधिरांच्या शाळेतच ओळख झाली आणि पुढे लग्न झाले. मुलगा शिवणकाम करतो. घरात नवरा-बायको आपसात हातांनीच बोलतात. बाळाला मात्र ऐकू येते. जन्मल्यावर मशीनने तपासणी झाली होती, आणि दार आपटले की ते दचकते.

मी म्हणालो, "आजी, ही आकडी नाही. नातू बडबड करतोय तुमचा. तोंडानं करतात तशी हातानं."

आजींचा विश्वास बसला नाही. "अहो, पण याला ऐकू येतं ना! मग हातानं कशाला बडबडेल?"

आजींचा हा प्रश्न मला त्या दिवशी घरापर्यंत पुरला. आज तोच वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण त्याच्या उत्तराचा संबंध केवळ त्या एका घराशी नाही. आपल्या जिल्ह्यात ज्या ज्या घरात ऐकू न येणारे बाळ जन्माला येते, त्या प्रत्येक घराशी आहे.

बडबड म्हणजे काय?

सहा-सात महिन्यांचे झाले की बाळ 'बा-बा-बा', 'दा-दा-दा' असे सुरू करते हे आपण सर्वांनी ऐकले आहे. घरातली मंडळी 'बाबा म्हणाला' म्हणून पेढे आणायला निघतात. प्रत्यक्षात त्या वेळी त्याच्या डोक्यात बाबाही नसतात आणि दादाही नसतो. ते भाषेचे सुटे तुकडे हाताळत असते. गवंडी भिंत उभारण्याआधी विटा वाजवून बघतो तसेच काहीसे. पूर्वी तज्ज्ञांचे म्हणणे असे होते की ही बडबड म्हणजे जबडा, जीभ आणि घसा यांची वाढ झाल्याची खूण आहे. भाषेचा पाया आवाज, असे सगळेच धरून चालले होते.

या समजुतीला मोठा धक्का १९९१ साली बसला. कॅनडातील माँट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठात लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या दोघींनी पाच बाळांचे चित्रीकरण केले. त्यांपैकी दोन बाळे कर्णबधिर होती आणि त्यांचे आईवडीलही कर्णबधिर असल्याने घरात जन्मापासून अमेरिकन सांकेतिक भाषा चालू होती. उरलेल्या तीन बाळांना ऐकू येत होते व त्यांच्या घरी सांकेतिक भाषा नव्हती. हात तर सगळीच बाळे हलवतात. पण त्या दोन कर्णबधिर बाळांच्या हातांच्या हालचालीत वेगळेच काही आढळले. सांकेतिक भाषेत हाताचे जे ठरावीक आकार असतात, त्यांपैकी मोजकेच आकार ती पुन्हा पुन्हा करत होती. 'बा-बा-बा' सारखीच त्यात आवर्तने होती, आणि अर्थ मात्र काही नव्हता. हा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. बाळे फार थोडी होती. शिवाय ऐकू येणाऱ्या, सांकेतिक भाषा कधी न पाहिलेल्या बाळांच्या हातांतही अशा आवर्तनांच्या हालचाली दिसतात, असे दुसऱ्या काही अभ्यासकांनी दाखवून दिले. मग भाषेची हालचाल कोणती आणि नुसती हालचाल कोणती, हे ठरवायचे कसे? पेटिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला, आणि तो मला फार आवडला. या वेळी त्यांनी सहा बाळे घेतली व सहाही ऐकू येणारी. तिघांचे आईवडील कर्णबधिर होते, तिघांचे ऐकणारे. आपण बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतो ना, तसे त्यांनी या बाळांच्या हातांवर बारीक दिवे बसवले. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारे दिवे. हाताची प्रत्येक हालचाल संगणकाने नोंदवली. ऐकणाऱ्या घरातील बाळांचे हात सेकंदाला सुमारे अडीच आवर्तने या वेगाने हलत होते. कर्णबधिर घरातील बाळांच्या हातांचे मात्र दोन वेग निघाले. एक तोच, सर्वसाधारण. आणि दुसरा संथ, सेकंदाला सुमारे एक आवर्तन. हा दुसरा वेग सांकेतिक भाषेच्या ठेक्याशी जुळणारा होता. त्या संथ हालचाली बाळ बहुतेक वेळा छातीसमोरच्या जागेत, म्हणजे मोठी माणसे जिथे हात धरून बोलतात तिथेच करत होते.

आमच्या आजींच्या नातवाने खुळखुळा नाचवला तो एक हात, आणि वडिलांकडे बघून चालवला तो दुसरा. माझ्या टेबलावर दिवेही नव्हते आणि संगणकही नव्हता, पण फरक डोळ्यांना दिसत होता.

डोळ्यांनी ऐकणे

इथे थोडे थांबून एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. टाटा, टाळी, जयजय, बोट ओठांवर ठेवून गप्प बसवणे या सगळ्या नुसत्या खुणा झाल्या. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असते. विल्यम स्टोको या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली दाखवून दिले की, बोलीतला शब्द जसा ध्वनींचा बनतो तसा सांकेतिक भाषेतला शब्द हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल यांचा बनतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत पंजा पसरून अंगठा हनुवटीला लावला तर 'आई' होते आणि तोच पंजा कपाळाला लावला तर 'वडील'. फक्त जागा बदलली. आपल्याकडे 'काम' आणि 'दाम' यांत एका अक्षराने अर्थ बदलतो तसेच. सांकेतिक भाषा जगभर एकच आहे हेही खरे नाही. भारतीय सांकेतिक भाषा अमेरिकनपेक्षा निराळी आहे. तिच्यात क्रियापद सहसा मराठीप्रमाणे शेवटी येते आणि 'कुठे', 'केव्हा' असे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या अखेरीस जातात.

आता प्रश्न असा की, इतका बारीक फरक तान्ह्या बाळाला कळतो का?

याचे उत्तर समजण्यासाठी आधी कानाचा एक प्रसिद्ध प्रयोग सांगतो. त्याचा आपल्या भाषांशी जवळचा संबंध आहे. १९८४ साली कॅनडातच जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजी माणसाला या दोहोंतला फरक सहसा कळत नाही, हे आपण त्यांच्या तोंडून आपल्या गावांची नावे ऐकताना अनुभवतोच. पण सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी बाळांना तो बरोबर कळला. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र बहुतेकांची ती क्षमता ओसरली. घरात जो फरक कुणी वापरत नाही, तो जपून ठेवण्यात मेंदू शक्ती घालवत नाही.

हातांच्या बाबतीतही असेच घडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सांकेतिक भाषा कधीही न पाहिलेल्या, ऐकू येणाऱ्या बाळांना अमेरिकन सांकेतिक भाषेतील हाताचे आकार दाखवले. चार महिन्यांच्या बाळांनी ते आकार वेगवेगळे ओळखले. भाषा जाणणारा माणूस जिथे रेघ ओढतो, तिथेच त्यांनीही ओढली. चौदा महिन्यांच्या बाळांना ते जमले नाही. २००८ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील क्रेन्ट्झ आणि कोरिना यांनी सहा महिन्यांच्या ऐकणाऱ्या बाळांना दोन चित्रफिती दाखवल्या. एकीत सांकेतिक भाषा होती, दुसरीत मूकाभिनय, म्हणजे नाटकात करतात तसे नुसते हातवारे. दोन्ही त्यांना सारखेच अनोळखी. तरी बाळे भाषेकडे अधिक वेळ पाहत राहिली.

म्हणजे बाळ केवळ आवाज शोधत नसते. ते ठेका शोधते, आवर्तने शोधते, तुकडे कुठे जोडले जातात आणि कुठे सुटतात ते शोधते. कानावाटे मिळाले तर कानावाटे घेते, डोळ्यांवाटे मिळाले तर डोळ्यांवाटे. दोन्ही वाटांनी मिळाले तर दोन्ही घेते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच. नातवाला ऐकू येते म्हणून तो आजीशी तोंडाने 'बा-बा' करतो, आणि आईवडिलांचे हात दिसतात म्हणून त्यांच्याशी हातांनी करतो. प्रौढ कर्णबधिरांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली तेव्हाही असे दिसले की, आपण ज्या भागाला ध्वनीचा भाग समजत होतो तो सांकेतिक भाषा पाहताना कामाला लागलेला असतो.

आईदेखील यात आपला वाटा उचलते. बाळाशी बोलताना आपण आवाज चढवून, लाडिक करून, शब्द लांबवून बोलतो. जपानमधील नोबुओ मासाताका यांनी १९९२ साली नोंदवले की, कर्णबधिर माताही तान्ह्या बाळाशी हात संथ चालवतात, हालचाल मोठी करतात आणि तीच खूण पुन्हा पुन्हा करतात. पुढे त्यांनीच दाखवले की बाळांना हा लाडाचा प्रकार अधिक खिळवून ठेवतो, आणि ज्या ऐकणाऱ्या बाळांनी खुणा कधी पाहिल्या नव्हत्या त्यांनाही. लाडाने बोलायचे कसे, हे कुठल्याही मुलखातल्या आईला शिकवावे लागत नाही.

माझी एक चूक

आता एक कबुली द्यायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी या गावात नुकताच दवाखाना थाटला होता. असेच एक कर्णबधिर जोडपे आले होते. मुलगी सहा महिन्यांची, तिला ऐकू येत होते. सोबत मुलीचे आजोबा होते. त्यांनी विचारले, "डॉक्टर, घरात कुणी बोलत नाही. पोरीला बोलायला कसं यायचं?"

मी मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला. दिवसभर मुलीला काकांच्या घरी ठेवा. घरी असेल तेव्हा टीव्ही लावून ठेवा. आणि आईला सांगा, मुलीशी हातांनी बोलू नको, नाहीतर ही मुकी राहील. हे मला कोणत्या पुस्तकात सापडले होते, ते आज आठवत नाही. बहुधा कोणत्याच नाही. आजोबांनी ते सुनेला खुणांनी सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. डॉक्टर सांगतात ते खरेच असणार.

मुलगी तीन-साडेतीन वर्षांची असताना तिची आई एकटीच तिला तापासाठी घेऊन आली. मुलगी छान बोलत होती. काकांच्या घरात माणसे भरपूर, त्यामुळे बोलण्यात काही कमी नव्हते. माझा सल्ला फळाला आला असे मला क्षणभर वाटले. मग आईने माझ्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि मोडक्या अक्षरांत लिहिले, 'ही माझ्याशी बोलत नाही. मी हातानी सांगते तर तोंड फिरवते.' मुलगी टेबलाच्या कडेशी खेळत होती. आईने तिच्यापुढे हात हलवला, तिने पाहिले नाही. मी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. त्या वाक्याखाली काय लिहावे, ते मला सुचले नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलाची हकीकत आहे. मुलाला ऐकू येते, मग त्याला सांकेतिक भाषा कशाला, म्हणून ती त्याला दिली नव्हती. बोललेली भाषा त्याला मिळत होती ती मुख्यतः टीव्हीवरून. पावणेचार वर्षांचा असताना तपासले, तर त्याची वाक्यरचना विस्कळीत होती. एका मोठ्या माणसाने समोर बसून नियमित गप्पा मारायला सुरुवात केल्यावर ती भराभर सुधारली. टीव्ही बोलतो, पण बाळ थांबले तर थांबत नाही. उत्तर देत नाही.

आणि 'मुकी राहील' ही भीती? कॅनडातच घरी क्वेबेकची सांकेतिक भाषा आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा मिळालेल्या ऐकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला आहे. पहिला शब्द, दोन शब्दांची जोडणी हे टप्पे त्यांनी दोन्ही भाषांत इतर मुलांच्याच वयात गाठले. बोलणाऱ्या माणसांची संगत मात्र रोज मिळायला हवी. आजी, आत्या, शेजारचे काका, अंगणवाडी एवढी संगत आपल्याकडे बहुतेक घरांना सहज लाभते. म्हणून आजींना मी या वेळी उलटा सल्ला दिला. तुम्ही तोंडाने भरपूर बोला, आईवडिलांना हातांनी भरपूर बोलू द्या, आणि बाळाचे हात दुपट्यात बांधून ठेवू नका.

ज्याला ऐकू येत नाही त्याचे काय?

खरी काळजी इथे आहे. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, असे अमेरिकेतील आकडे सांगतात. म्हणजे अशा बहुतेक घरांत सांकेतिक भाषा कुणालाच येत नाही. बाळाला ऐकू येत नाही हे लक्षात यायलाच दीड-दोन वर्षे जातात, कारण ते हसते, खेळते, सगळ्यांकडे बघते. 'आमच्या यांनाही उशिराच बोलणं आलं होतं' असे म्हणत आणखी एक वर्ष जाते. मग यंत्र, शस्त्रक्रिया, पैशाची जुळवाजुळव. तोवर बाळाच्या पदरात कोणतीच भाषा पडलेली नसते, ना कानाची ना हाताची. आणि मघाचे प्रयोग आठवा. भाषेचे तुकडे वेचण्याची मेंदूची सर्वांत मोठी सुगी पहिल्या वर्षातच असते.

त्यातच खुणा दाखवल्या तर मूल आळशी होईल, बोलणार नाही, हा समज शिक्षकांत व डॉक्टरांतही फार जुना आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याची छाया शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर राहिली. त्याच परिषदेच्या २०१० सालच्या व्हँकुव्हर येथील अधिवेशनात त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. मुलांचे हात बांधले गेले, त्यांचे मात्र जे व्हायचे ते होऊन गेले होते.

आजही सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे असे मी म्हणणार नाही. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात, कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या ज्या मुलांच्या घरी खुणा वापरल्या जात नव्हत्या त्यांचे बोलणे अधिक स्पष्ट आढळले. त्यावर बरीच टीका झाली. त्या घरांतून पूर्ण सांकेतिक भाषा मिळत होती की बोलताना जोडीला केलेल्या चार खुणा, हा भेद नीट केलेला नाही, असे टीकाकारांचे म्हणणे. उलट २०१४ च्या एका लहानशा अभ्यासात, कर्णबधिर आईवडिलांकडून जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेली आणि पुढे इम्प्लांट बसवलेली मुले बोलण्यातही मागे नव्हती. आणि २०२१ साली अमेरिकेतून आलेला निष्कर्ष आपल्यासाठी फार मोलाचा आहे. ऐकणाऱ्या आईबापांच्या ज्या कर्णबधिर बाळांना सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषा मिळू लागली, त्यांचा त्या भाषेतला शब्दसंग्रह वयाला शोभेल असा वाढला. आईबापांना ती भाषा आधीपासून येत नव्हती. ते बाळाबरोबरच शिकत होते.

माझे मत विचाराल तर श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट शक्य असेल तर जरूर करावे, लवकर करावे. पण ते होईपर्यंत आणि झाल्यावरही हात बंद ठेवू नयेत. शस्त्रक्रियेचा निकाल प्रत्येक मुलात सारखा लागत नाही. डोळे मात्र पहिल्या दिवसापासून उघडे असतात.

सहा महिन्यांच्या आत भाषा द्यायची तर निदान त्याआधी व्हायला हवे. जगभरचे तज्ज्ञ साधा हिशेब सांगतात: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय. पहिली चाचणी 'ओएई' या नावाची असते. बाळ झोपलेले असताना कानात छोटे बोंडूक ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. काचेच्या पेटीत राहिलेल्या, जोराची कावीळ झालेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळांची 'बेरा' ही चाचणीही करावी, कारण नसेतला दोष ओएईमध्ये निसटू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून श्रवणदोषाचा समावेश आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. थाळी वाजवून बाळ दचकते का पाहणे ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. थाळीचा दणका बाळाला अंगानेही कळतो.

सांकेतिक भाषा शिकायची कुठे, असे पालक विचारतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ साली झाली. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पासून दहा हजार शब्द आहेत आणि त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. पण सर्वांत चांगले गुरू म्हणजे आपल्याच गावातले कर्णबधिर स्त्री-पुरुष. त्यांना घरी बोलवा. बाळाशी ते कसे वागतात ते बघा. ते बाळाच्या नजरेच्या टप्प्यात आल्याशिवाय हात हलवत नाहीत. हलकेच स्पर्श करतात आणि ते पाहीपर्यंत थांबतात. चेंडू दाखवला तर आधी चेंडू बघू देतात, मग हात. एकाच वेळी दोन्हीकडे बघणे बाळाला जमणार कसे? खिडकीकडे पाठ करून बसत नाहीत, कारण चेहरा अंधारात जातो. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचेच नीट दिसते, म्हणून हात जवळ आणतात.

मोठ्या शहरांत हल्ली ऐकणाऱ्या बाळांसाठी 'बेबी साइन'चे वर्ग निघाले आहेत. त्याने बुद्धी वाढते, बोलणे लवकर येते अशा जाहिराती असतात. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळीस बाळांना आठव्या महिन्यापासून पाहिले, पण बोलण्यात असा फायदा दिसला नाही. हौस म्हणून करा, त्यासाठी फी भरून धावपळ करायचे कारण नाही.

आजींच्या नातवाबाबत मी एक खबरदारी सांगितली होती. हालचाल एकदम झटक्याने, सारखी तशीच, ओळीने होऊ लागली, किंवा बाळ त्या वेळी नजरेला नजर देईनासे झाले, तर मोबाइलवर चित्रीकरण करून त्याच दिवशी या. तसे काही झाले नाही. गेल्या आठवड्यात ती मंडळी सर्दीसाठी पुन्हा आली. बाळ आता साडेदहा महिन्यांचे आहे. तपासताना मी त्याला गप्प करायला टेबलावरचा रबरी हत्ती पिळून वाजवला. आवाज थांबल्यावर त्याने वडिलांकडे पाहिले आणि दोन्ही हात एकत्र आणून काहीतरी केले. वडील हसले. मी विचारले, "काय म्हणतो?"

वडिलांच्या आधी आजींनीच सांगितले, "आणखी म्हणतोय. हत्ती परत वाजवा."